कोलोसियमची भिंत अर्धी का?

बालमित्रांनो, जत्रेतला कुस्त्यांचा फड तुम्ही पाहिलाच असेल. मधे माती आणि भोवती गोल माणसं. मागच्याला दिसत नाही, मग तो झाडावर चढतो! रोमन लोकांनी या अडचणीवर पक्का उपाय काढला. मैदानाभोवती लंबगोल इमारत बांधली आणि आत पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारी बसायची जागा केली. मागचा पुढच्यापेक्षा उंच, म्हणून सगळ्यांना सगळं दिसे. अशा इमारतीला ॲम्फिथिएटर म्हणतात.

त्यांतलं सर्वांत मोठं इटली देशात, रोम शहरात आहे. त्याचं नाव कोलोसियम. सम्राट व्हेस्पासियन याने काम सुरू केलं आणि त्याचा मुलगा टायटस याने इ.स. ८० मध्ये ते लोकांना खुलं केलं. लांबी सुमारे १८८ मीटर, रुंदी १५६ मीटर, उंची ४८ मीटर. आत जवळजवळ ५० हजार माणसं मावत. चेंगराचेंगरी होऊ नये म्हणून ८० दरवाजे ठेवले होते. त्यांतल्या ७६ दरवाजांवर आकडे कोरले होते. ज्याचा जो आकडा, त्यानं त्याच दरवाजानं आत जायचं. काही आकडे आजही वाचता येतात.

पण आतले खेळ मात्र क्रूर होते. ग्लॅडिएटर नावाचे लढवय्ये हत्यारांनी एकमेकांशी लढत. त्यांत पुष्कळसे गुलाम आणि कैदी असत. सिंह, अस्वलं यांसारखी जनावरं तळघरातून पाळण्यात घालून वर ओढत. रक्त जिरावं म्हणून मैदानात वाळू पसरत. पाचव्या शतकात माणसांच्या या लढती बंद पडल्या.

मग एवढी दणकट इमारत मोडली कशी? १३४९ साली भूकंप झाला आणि दक्षिणेकडची बाहेरची भिंत कोसळली. पण खरं नुकसान पुढंच आहे. लोकांनी पडलेले दगड वाडे नि चर्च बांधायला नेले. काही भट्टीत भाजून चुना केला. दगड एकमेकांना धरून राहावेत म्हणून आत लोखंडी आकडे बसवले होते. तेही खणून काढले. आज भिंतीवर जी शेकडो भोकं दिसतात, ती त्याचीच खूण.

शेवटी १७४९ साली पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी ही जागा पवित्र म्हणून जाहीर केली, तेव्हा दगड नेणं थांबलं. एकोणिसाव्या शतकात पडायला आलेल्या टोकांना विटांचे भक्कम टेकू दिले. म्हणून उरलेली भिंत अजून उभी आहे.

मुलांनो, भूकंप झाला एका दिवसात. माणसं मात्र त्यानंतर चारशे वर्षं दगड नेत राहिली. प्रत्येकाला वाटलं असेल, एवढ्या ढिगातून एक नेला तर काय बिघडलं? म्हणून पडक्या भिंतीचा दगड उचलण्याआधी क्षणभर थांबा. तो कुणी बसवला, कशासाठी बसवला, हे आधी विचारा.