ओमाकासे: दहा खुर्च्यांचं दुकान आणि बोटीवरची पहिली दहा मिनिटं



बंदीचे दिवस. होड्या वर ओढलेल्या, जाळी विणायला बसलेले हात आणि मधल्या वेळात मोबाइल. त्यातूनच एक प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतो: "जपानमध्ये कच्च्या मासळीच्या एका घासाला आठशे-हजार रुपये देतात म्हणे. खरं की थाप?"

खरं आहे. पण एवढे पैसे नेमके कशाचे देतात, हे आपण मासळीवाल्यांनी समजून घेण्यासारखं आहे.

अशा जेवणाला जपानीत "ओमाकासे" म्हणतात. अर्थ साधा: "तुमच्यावर सोपवलं." दुकान छोटंसं, आठ-दहा खुर्च्या. समोर लाकडाचा लांब फळा आणि पलीकडे सुशी करणारा उस्ताद. त्या दिवशी बाजारात जे उत्तम मिळालं तेच तो ठरवून वाढतो, त्यामुळे मेन्यूकार्डाचं काम नाही. साधारण वीस घास, एकामागून एक. घास म्हणजे व्हिनेगर लावलेल्या कोमट भाताचा छोटा गोळा आणि त्यावर मासळीची कापटी. सोया सॉसचा हात तोच फिरवतो, वसाबीही तोच लावतो. समोर ठेवला की लगेच खायचा. गप्पा मारत ठेवून दिला तर भात निवतो आणि मजा जाते. हाताने खाल्लं तरी चालतं.

बहुतेक ठिकाणी सुरुवात हलक्या चवीच्या पांढऱ्या माशाने होते, मग टूना, पुढे शिंपले, कोळंबी, वाम आणि शेवटी अंड्याची गोडसर वडी. टोकियोच्या गिंझा भागातल्या नावाजलेल्या दुकानांत माणशी ३० हजार येन किंवा त्याहून जास्त बिल होतं. म्हणजे आपले सोळा-सतरा हजार रुपये.

यातलं सगळ्यात गाजलेलं दुकान जिरो ओनो यांचं. गिंझात, भुयारी रेल्वे स्टेशनाजवळ, एका इमारतीच्या तळघरात, फक्त दहा खुर्च्या. २०११ साली त्यांच्यावर माहितीपट आला. २०१४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा तिथे जेवून गेले. त्या माहितीपटात मऊ व्हावा म्हणून ऑक्टोपस पाऊण तास हाताने मळताना दिसतो. तो घास समोर येतो तेव्हा गिऱ्हाइकाला यातलं काही दिसत नाही. त्याचा फक्त भरवसा असतो.

आता हा भरवसा कुठून येतो ते बघा. गिऱ्हाइकाने उस्तादावर सोपवलं. उस्ताद सगळे मासे स्वतः पारखत बसत नाही. टूनाचा व्यापारी वेगळा, कोळंबीचा वेगळा, आणि त्याचा त्यांच्यावर भरवसा. हे व्यापारी टोकियोच्या तोयोसू बाजारात पहाटे लिलावाला उभे असतात. (२०१८ पर्यंत हा घाऊक बाजार त्सुकिजीला होता.) टूनाच्या शेपटीकडचा भाग कापलेला असतो. व्यापारी तिथे बॅटरी मारून रंग बघतात, मांसाचा कण बोटांत चोळून चरबी बघतात. तेवढ्यावर भाव ठरतो. २०१९ च्या नववर्षाच्या लिलावात २७८ किलोचा एक टूना ३३ कोटी ३६ लाख येनला गेला. तो भाव जाहिरातीसाठीचा होता, रोजचा नव्हे. पण पारख रोजचीच.

त्या पारखीत व्यापारी बोटीवर काय झालं तेच वाचत असतो. टूना म्हणजे आपल्याकडच्या कुपा-गेदरच्या जातीचा मासा. गळाला लागून तो फार वेळ झगडला की अंग तापतं, मांस फिकट आणि आंबूस होतं. जपानी लोक त्याला "जळलेलं मांस" म्हणतात. मग कितीही बर्फ घाला, ते परत येत नाही.

म्हणून तिथल्या बोटींवर "इकेजिमे" करतात:

१. मासा वर आला की डोक्यात, मेंदूच्या जागी, टोकदार सळई मारून तो लगेच मारायचा. तडफड बंद.
२. कल्ल्याजवळ आणि शेपटीकडे कापून रक्त काढायचं.
३. मोठ्या माशाच्या मणक्यातून बारीक तार घालून मज्जारज्जू निकामी करायचा.
४. मग बर्फ आणि समुद्राचं पाणी एकत्र केलेल्या टाकीत बुडवायचा.

तडफडीत माशाच्या अंगातली शक्ती खर्च होते आणि तो लवकर ताठ होतो, लवकर ढिला पडतो. शक्ती शिल्लक राहिली तर ताठरपणा उशिरा येतो, आणि तीच शक्ती पुढे हळूहळू चवीत उतरते. म्हणूनच उस्ताद काही मासे थंडीत चार-सहा दिवस मुरवून मग वाढतो. आपण समजतो, सगळं सुशी म्हणजे आत्ता पकडलेलं. तसं नाही.

आणखी एक गोष्ट. तिथे फक्त महागड्या माशाला मान नाही. कोहादा नावाचा छोटा, काटेरी, तारलीच्या नात्यातला मासा मीठ-व्हिनेगरात मुरवून देतात, आणि तो कसा जमला यावर उस्तादाची पारख होते. बांगड्याचा जपानी भाऊ "साबा" हाही असाच मुरवतात, कारण तो फार लवकर बिघडतो. आपला बांगडाही तसाच. उन्हात राहिला की त्यात हिस्टामीन तयार होतं. ते एकदा झालं की तळून, शिजवूनही जात नाही, आणि खाणाऱ्याच्या अंगावर चट्टे उठतात.

मग आपण काय घ्यायचं? ट्रॉलरच्या किंवा रापणीच्या ढिगात एकेक मासा टोचणं शक्य नाही, हे आम्हालाही कळतं. पण गळावरच्या इसवणाचं, कुप्याचं रक्त काढता येतं. बर्फात समुद्राचं पाणी घालून मासा पूर्ण बुडवता येतो. फेकाफेक आणि पाय देणं टाळता येतं. नीट हाताळलेला मासा वेगळ्या क्रेटमध्ये ठेवून तो वेगळा दाखवता येतो.

पहिल्याच दिवशी जेटीवर भाव वाढेल असं आम्ही म्हणणार नाही. लिलावात सगळं एकाच ढिगात गेलं तर मेहनत वाया जाते. पण हॉटेलवाला किंवा एजंट दोन-चारदा त्याच बोटीचा चांगला मासा घेतो, तेव्हा तो बोटीचं नाव विचारायला लागतो. ओमाकासेची सुरुवात तीच.

एक इशारा: हे वाचून घरी कच्ची मासळी खाऊ नका. माशात किडे असू शकतात. कच्च्या खायच्या मासळीसाठी अमेरिकेतला नियम उणे २० अंशांवर सात दिवस गोठवण्याचा आहे, आणि घरच्या फ्रीजचा त्यासाठी भरवसा धरता येत नाही. आपलं हुमण आणि तळलेला तुकडाच बरा.

बंदी उठेपर्यंत बर्फाच्या पेट्या तपासून ठेवा. गळती असेल तर आत्ताच बुजवा.