संगणक चालू होत नाही? आधी पडदा वाचा

मावळात पाऊस लागला की वीज जाते-येते. मग वसतिगृहातल्या संगणक खोलीतले संगणक काळ्या पडद्यावरच अडकून बसतात. 'जुने झाले, भंगारात द्या' असे म्हणण्याआधी अधीक्षकांनी दहा मिनिटे द्यावीत. आपल्या कातकरी-ठाकर मुलांपैकी बहुतेकांच्या घरी संगणक नसतो. ही खोली बंद राहिली तर त्यांचा सराव थांबतो.

'थिन क्लायंट' डब्यात हार्ड डिस्क लागत नाही. चालू होताच तो वायरवरून विचारतो: माझा पत्ता काय? कोणती फाइल घेऊ? मग सर्व्हरवरून लिनक्स येते. एलटीएसपी ही मोफत प्रणाली १९९९ पासून याच कामासाठी वापरात आहे. साखळी कुठे तुटली, ते पडद्यावरचा संदेश सांगतो. एकच डबा अडला असेल तर आधी त्याची वायर पाहावी. सगळे अडले असतील तर स्विच व सर्व्हर.

पीएक्सई-ई६१: वायरचा संपर्क नाही. स्विचवरचा दिवा पाहा. लोणावळ्याच्या दमट हवेत पिना गंजतात. दुसरी वायर लावून बघा.

ई५१: पत्ता देणारे कोणी भेटले नाही. वीज आल्यावर डबे सर्व्हरच्या आधी जागे होतात. सर्व्हर पूर्ण चालू झाल्यावर डबे पुन्हा चालू करा.

ई५३: पत्ता मिळाला, फाइलचे नाव नाही. पत्ते सर्व्हरच देत असेल, तर कोणीतरी जोडलेला इंटरनेटचा राउटर मध्येच उत्तर देत असावा. त्याची वायर काढून पाहा. पत्ते देण्याचे काम राउटरकडेच असेल, तर सर्व्हरवरील 'डीएनएसमास्क' सेवा पुन्हा सुरू करा.

ई३२: फाइल मागितली, उत्तर आले नाही. टीएफटीपी सेवा बंद असेल किंवा फायरवॉल तिचे ६९ क्रमांकाचे पोर्ट अडवत असेल.

लिनक्सच्या ओळी दिसून मग डबा थांबला, तर सर्व्हरवर नुकतेच अपडेट झाले का ते विचारा. तसे असल्यास एलटीएसपीची इमेज व कर्नल नव्याने तयार करावे लागतात.

यातून सुटले नाही, तर पडद्याचा फोटो तंत्रज्ञाला पाठवा. 'चालत नाही' एवढे सांगण्यापेक्षा 'ई५३ येतो' असे सांगितले, तर पुष्कळदा फोनवरच काम होते आणि पुण्याहून माणूस बोलावण्याचा खर्च वाचतो. सर्व्हर व स्विच यूपीएसवर ठेवले, तर निम्म्या तक्रारी उद्भवणारच नाहीत.