रबाबाची सोबत

ग्वाल्हेरकरांना सरोद परके नाही. हाफिज अली खाँसाहेबांचे हे गाव, आणि अफगाणी रबाब हा सरोदाचा पूर्वज मानला जातो. म्हणूनच काबूलच्या मुलांची हकीकत आम्हा संगीतशिक्षकांच्या मनाला अधिक लागते.

डॉ. अहमद सरमस्त यांनी काबूलला २०१० साली संगीतविद्यालय सुरू केले. २०१४ मध्ये विद्यार्थ्यांच्या प्रयोगातच बाँबस्फोट झाला. सरमस्तांना काही काळ ऐकू येईनासे झाले. २०२१ च्या ऑगस्टात तालिबानची सत्ता आली, संगीतावर बंदी आली. विद्यार्थी, शिक्षक व आप्त मिळून २७३ जणांनी पोर्तुगालचा आसरा घेतला.

अशा मुलांची झोप उडते, दाराच्या आवाजानेही छाती धडधडते. आपण सुटलो, घरचे मागे राहिले, हे शल्य वेगळेच. वैद्य हवाच. परंतु परक्या भाषेत दुःख उकलून सांगणे कितीजणांना जमणार? रबाबाच्या तारा जुळवताना सांगण्याची सक्ती नसते. शेजारी आपल्याच बोलीत चूक दाखवणारे गुरुजी असतात, तालमीची वेळ ठरलेली असते, चौघांबरोबर वाजवायचे असते. विस्कटलेल्या दिवसाला त्यानेच घडी बसते.

दुःखी मुलाला बोलते करण्याची घाई मीही वर्गात केली आहे. आता वाटते, आधी त्याचा षड्ज लागू द्यावा; बोलणे मागाहून येईल.