मोबाईल दुरुस्तीला देताय? पिन सांगण्याआधी हे वाचा

अहिल्यानगर : पाथर्डी असो की श्रीगोंदा, बाजाराच्या दिवशी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गर्दी ठरलेली. कुणाचा डिस्प्ले फुटलाय, कुणाची चार्जिंग पिन सैल झालीय. पूर्वी मागचं झाकण काढलं की बॅटरी हातानं बदलता यायची. आता फोन चिकटवून बंद केलेला असतो. काही फोनमध्ये तर पार्ट बदलला की एखादी सोयच बंद पडते.

कंपन्या याला सुरक्षेचं कारण देतात. त्यात तथ्य आहे. बँक, यूपीआय, आधारचा ओटीपी आणि २०२१ पासून ई-पीक पाहणीसुद्धा फोनवरच आहे. बोटाचा ठसा ओळखणारा सेन्सर काही फोनमध्ये त्याच फोनच्या बोर्डाशी जोडलेला असतो. दुसरा सेन्सर बसवून कुणी फोन उघडू नये, हा त्यामागचा हेतू.

पण हेच कुलूप कधी मालकालाही आडवं येतं. बाहेर दुरुस्त केलेले काही आयफोन अपडेट घेताच ‘एरर ५३’ दाखवून बंद पडले. २०१६ मध्ये ओरड झाल्यावर अ‍ॅपलनं नवं अपडेट देऊन ते चालू केले. बाहेर दुरुस्ती केली म्हणून हक्क गेला, असं ग्राहकांना चुकीचं सांगितल्याबद्दल ऑस्ट्रेलियात २०१८ मध्ये कंपनीला ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला.

जुन्या अँड्रॉइड फोनचंही तसंच. चोरानं बटणं दाबून फोन रिसेट केला तरी तो आधीचं गुगल खातं मागतो. चोराला फोन निरुपयोगी होतो, हे चांगलंच. पण मालकानं खातं न काढता फोन असा रिसेट करून विकला, तर पैसे मोजून घेणाराही अडकतो.

आपल्याकडे केंद्रानं जुलै २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली. मोबाईलसोबत शेती अवजारं, घरगुती उपकरणं आणि वाहनंही त्यात घेतली. डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल सुरू झालं. दुरुस्ती, सुटे भाग व वॉरंटीची माहिती तिथं मिळते.

तोवर एवढी काळजी घ्या :

– आधी फोटो, नंबरांचा बॅकअप घ्या. आजच्या फोनमधली माहिती कुलूपबंद असते. बोर्ड गेला तर ती परत मिळणं अवघड.

– सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या.

– डिस्प्ले किंवा बॅटरी बदलायला पिन लागत नाही. टच तपासायचा असेल तर स्वतः लॉक उघडून समोरच तपासा. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये ‘मेंटेनन्स मोड’ आहे. तो चालू केला की कारागिराला तुमचे फोटो, मेसेज दिसत नाहीत.

– जुना फोन घेताना *#०६# दाबून आयएमईआय नंबर बिलाशी जुळवा, ‘संचार साथी’वर तपासा. आधीच्या मालकाकडून गुगल खातं समोरच काढून घ्या.

फोन चोरीला गेला तर पोलिसांत तक्रार देऊन ‘संचार साथी’वरून तो ब्लॉक करता येतो. खात्यातून पैसे गेले तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.