काळ्या रानातला पांढरा बगळा

काल भाच्यानं मोबाईलवर काढलेला फोटो दाखवला. कळंबजवळचं नांगरलेलं रान, त्यात गायबगळा. "मामा, बगळा नुसता पांढरा डाग दिसतोय!"

पण नजर पक्की होती त्याची. काळ्यावर पांढरं, यापेक्षा ठळक विरोध कुठला?

कॅमेरा सगळं दृश्य मध्यम करड्या उजेडाचं धरतो. काळी माती जास्त असली की तो फोटो उजळवतो आणि पिसं जळून नुसता पांढरा डाग उरतो. मोबाईलवर बगळ्यावर बोट टेकवा, शेजारची उजेडाची पट्टी खाली ओढा. कॅमेऱ्यावर एक्स्पोजर उणे १ पर्यंत न्या. पिसं दिसतात, मातीही काळीभोर राहते.

विरोधाऐवजी नक्षी हवी तर उन्हाळ्यात मांजरा नदीकाठच्या जमिनीतल्या भेगा बघा. काळी माती वाळताना आकसते, म्हणून तिचे पाच-सहा कोनी तुकडे पडतात. सकाळी सातच्या तिरप्या उन्हात प्रत्येक भेगेत सावली भरते. दुपारी बाराला तीच जमीन सपाट वाटते. मला सगळ्यात आवडतो तो भेगेतून वर आलेला हरळीचा एकच हिरवा कोंब. नक्षी तिथं मोडते आणि नजर तिथंच थांबते.

तुमचे फोटो टाका, काही अडलं तर बिनधास्त विचारा.