विसरणं वयाचं की साखरेचं?

गेल्या वर्षीची आषाढी एकादशी. मी साबुदाणा परतत होते. सासूबाईंनी विचारलं, "अगं, मी सकाळची साखरेची गोळी घेतली का?" मी वळूनही न बघता म्हणाले, "नसेल घेतली, तर घ्या ना आई."

त्यांनी घेतली. ती दुसरी होती. पोटात सकाळपासून नुसता चहा.

तासाभराने बघते तर अंग घामाने चिंब, हात थरथरताहेत आणि मलाच विचारताहेत, "तू कोणाची गं?" चोवीस वर्षं एका घरात राहतोय आम्ही! माझ्या पोटात धस्स झालं. घरातल्या मशीनवर साखर निघाली ४८. त्या शुद्धीवर होत्या, गिळता येत होतं, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली. पंधरा मिनिटांनी त्यांनी मला नावाने हाक मारली, तेव्हा मी रडलेच. गोळीचा असर बराच वेळ राहतो, म्हणून लगेच दवाखान्यात नेलं.

खरं तर सहा-सात महिने त्या विसरत होत्या. दूध उतू जायचं, एकच गोष्ट तीनदा सांगायच्या. "वय झालं आता," म्हणून आम्ही हसायचो. बचत गटातल्या बायकांना आरोग्याच्या चार गोष्टी सांगणारी मी, पण आमच्याच घरात दिव्याखाली अंधार!

डॉक्टरांनी नीट समजावलं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण त्याला ऊर्जा लागते जवळजवळ २० टक्के. साखरेचा साठा मात्र त्याच्याकडे नसल्यासारखाच. हातावर पोट असलेल्या माणसासारखं त्याचं. रक्तातली साखर ७०च्या खाली गेली की तो गडबडू लागतो. उलट, साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली तर डोळ्यांच्या, मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, तशाच मेंदूच्याही. म्हणजे चढ वाईट आणि उतारही वाईट.

तिसरं कारण तर माझ्या गावीही नव्हतं. मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षं चालू असली की काहींना बी-१२ जीवनसत्त्व कमी पडतं. त्यात आई शाकाहारी. तपासलं तर खूपच कमी निघालं. त्याचाही परिणाम स्मरणशक्तीवर होतो. इंजेक्शनं सुरू झाली, गोळ्यांचं प्रमाणही डॉक्टरांनी बदललं.

मैत्रिणींनो, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार आपल्या देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. स्मृतिभ्रंशाची जी कारणं आपल्याला टाळता किंवा आटोक्यात ठेवता येतात, त्यांत 'लॅन्सेट' आयोगाने २०२४ मध्ये मधुमेहही धरला आहे. मधुमेह झाला म्हणजे स्मृती जाणारच असं नाही. पण विसरणं वाढलं तर तपासायला हवं.

आमच्याकडे आता सात खणांची गोळ्यांची डबी आहे. खण रिकामा म्हणजे गोळी घेतली; आठवायचं कामच नाही. उपवास धरायच्या आधी गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारतो. दर तीन महिन्यांनी सरासरी साखरेची तपासणी, वर्षातून एकदा बी-१२ आणि संध्याकाळी देवळापर्यंत चालणं. आणि एक लक्षात ठेवा, साखर उतरून माणूस बेशुद्ध झाला असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

आईंचं सगळंच परत आलं असं नाही. नावं अजून अडखळतात. पण दुधाचा हिशोब मी पुन्हा त्यांच्याकडे दिलाय. परवा त्यांनी दूधवाल्याची दोन लिटरची चूक पकडली!

तुमच्या घरात कुणी विचारलं, "मी गोळी घेतली का गं?" तर हातातलं काम ठेवा आणि उठून बघा. मी त्या दिवशी उठले नव्हते.