अतिकॅल्शियमरक्तता, अर्बुदजन्य
मारक अर्बुदामुळे रक्तातील कॅल्शियमाचे प्रमाण वाढण्याची विकृती. प्रौढ व्यक्तीच्या १०० मिलि. रक्तरसात सु. ८.५ ते १०.५ मिग्रॅ. कॅल्शियम असते. परावटू ग्रंथींचे हॉर्मोन (उत्तेजक स्राव) हे प्रमाण राखते. काही अर्बुदे या हॉर्मोनासारखा पदार्थ स्रवत असावीत, असा तर्क फुलर ऑल्ब्राइट यांनी १९४१ मध्ये मांडला. १९८७ मध्ये असे प्रथिन ओळखले गेले. त्यामुळे अस्थींतील कॅल्शियम रक्तात येते व मूत्रावाटे होणारे त्याचे उत्सर्जन घटते. तहान, बहुमूत्रता, बद्धकोष्ठ, गुंगी व शेवटी बेशुद्धी ही लक्षणे होत.

फुप्फुस, मुख इ. भागांतील काही अर्बुदे श्वेत कोशिकांच्या निर्मितीस चालना देणारे प्रथिनही स्रवतात. दर घ.मिमी. रक्तात प्राकृतपणे ४,००० ते ११,००० असणाऱ्या या कोशिका मग संक्रामण नसतानाही कित्येक पटींनी वाढतात. अशा वेळी प्रतिजैव पदार्थ निरुपयोगी ठरतात. गुंगी ही कर्करोगाची अंतिम अवस्था समजली जाण्याचा संभव असल्याने कॅल्शियमाचे मापन आवश्यक असते. शिरेतून लवण विद्राव व बिसफॉस्फोनेट औषधे दिल्यास रुग्ण पुन्हा सावध होऊ शकतो. तथापि मूळ अर्बुद आटोक्यात न आल्यास विकृती पुन्हा उद्भवते.